मोतीचे परदेशगमन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कुणीतरी संसारोपयोगी चार शब्द सांगावेत, ही आपल्या मंडळाची जुनी चाल आहे. कुणी मुलांच्या आहाराविषयी बोलले आहे, कुणी बचतीविषयी. यंदा चिटणीसबाईंनी ती माळ माझ्या गळ्यात घातली आणि विषयही त्यांनीच नेमून दिला. घरचे कुत्रे-मांजर परदेशी न्यायचे तर काय तयारी करावी, हा तो विषय. हे ऐकून दोघीतिघी हसल्या, ते मी पाहिले. हसण्यासारखेच आहे ते. माणसांना व्हिसा मिळता मिळत नाही, तेथे कुत्र्याची कसली मिजास!

पण भगिनींनो, आपल्या होळी गावात जरा फेरी मारून पाहा. बाजारापासून वाडीपर्यंत किती घरांना कुलपे आहेत! कुणाचा मुलगा कॅनडात, कुणाची लेक ऑस्ट्रेलियात, कुणाचे सगळे कुटुंब आखातात. माणसे जातात तेव्हा सामान वाटून टाकता येते, भांडी आत्याकडे, कपाट मामाकडे. पण ओट्यावर बसलेला जीव कोणाला वाटायचा? गेल्या दोन वर्षांत बाजारात, मासळीच्या ओट्यांपाशी, गळ्यात पट्टा असलेले तीन कुत्रे मी स्वतः हिंडताना पाहिले. पट्टा आहे, म्हणजे काल-परवापर्यंत घर होते. म्हणून हा विषय मी हौसेचा मानत नाही, संसाराचाच मानते.

माझा अनुभव एवढाच की आमचा मोती गेल्या वर्षी जर्मनीला गेला. मोती काही उंची जातीचा नाही. पावसाळ्यात केळीच्या वाडीत कुडकुडत बसलेले पिल्लू माझ्या लेकीने पदराखाली घालून आणले, तोच हा मोती. अंगाने तांबूस, शेपूट वाकडी, आणि सुकेळ्यांची भारी आवड. जावईबापूंना जर्मनीत नोकरी लागली, ते पुढे गेले, लेक मागून जायची होती. तिने स्पष्टच सांगितले, "आई, मी जाईन तर मोतीला घेऊन." तेव्हापासून सहा महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. त्या सहा महिन्यांत जे शिकले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट ही, की कुत्र्याचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. तो सहा-सात महिने आधी घरात सुरू होतो. तिकीट काढल्यावर, "अगोबाई, मोतीचे काय?" असे जो विचारील, त्याचा मोती मागे राहिला म्हणून समजा. कारण या कामात पैसे देऊन विकत न मिळणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे तारखांमधले अंतर.

ही अंतरे कशासाठी ठेवली आहेत ते समजले म्हणजे त्यांचा राग येत नाही. सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच रोग आहे, रेबीज, म्हणजे पिसाळणे. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शने आठवत असतील. मेंदूच्या पेशींपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली, आता दंडात मोजकीच इंजेक्शने घ्यावी लागतात. पण रोग तोच आहे. लक्षणे दिसू लागली की त्यावर उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने जातात आणि त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश आपल्या देशातली असतात. उलट जर्मनीने कोल्ह्यांनासुद्धा आमिषातून लस चारून हा रोग हटवला आणि २००८ साली तो देश जमिनीवरच्या प्राण्यांतील रेबीजपासून मुक्त ठरला. ब्रिटनमधून तर तो १९२२ सालीच गेला. एवढ्या खटपटीने स्वच्छ केलेल्या अंगणात दुसऱ्याचा कुत्रा घेताना घरधनी चार प्रश्न विचारणारच. पूर्वी ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवीत. २००० साली तेथे नवी योजना आली आणि कोंडण्याऐवजी लस, रक्ताची तपासणी व कागद यांवर विश्वास ठेवायला सुरुवात झाली. म्हणजे आज आपण जी कागदपत्रे जमवतो, ती त्या सहा महिन्यांच्या कोठडीच्या बदल्यात आहेत.

आता क्रम सांगते. तो नीट लक्षात ठेवा, कारण येथे क्रमालाच किंमत आहे. मी युरोपीय संघातल्या देशांचा क्रम सांगते, तो आम्ही स्वतः पार पाडला.

सर्वांत आधी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही वस्तू जनावरांचे डॉक्टर सुईने मानेपाशी कातडीखाली बसवतात. तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो, बाकी काही नाही. तिच्यामुळे कुत्रा कोठे हिंडतो ते समजते, असे पुष्कळांना वाटते. तसे मुळीच नाही. वाचायचे यंत्र मानेजवळ धरले की नंबर दिसतो, एवढेच तिचे काम. चिप आंतरराष्ट्रीय मापाची, म्हणजे आयएसओ ११७८४ व ११७८५ या प्रमाणांची आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

त्यानंतर रेबीजची लस. "त्यानंतर" हा शब्द महत्त्वाचा आहे. चिपच्या आधी टोचलेली लस धरली जात नाही. कारण ती याच कुत्र्याला टोचली याचा पुरावा काय? मोतीला दरवर्षी लस टोचलेली होती, कार्डही होते, पण चिप नव्हती. तेव्हा ३ जूनला चिप बसवली आणि लगेच नव्याने लस दिली. पिल्लू असेल तर ते निदान बारा आठवड्यांचे झाल्याशिवाय ही लस चालत नाही.

तिसरी पायरी रक्ताची. लस दिल्यावर निदान तीस दिवस जाऊ द्यायचे, मग रक्त काढायचे. रक्त तसेच पाठवायचे नाही. ते गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहते, त्याला सीरम म्हणतात, ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे धाडायचे. प्रयोगशाळाही कोणतीही चालत नाही, युरोपीय संघाने मान्य केलेल्या यादीतलीच हवी. रक्तातली प्रतिकारशक्ती एका मिलिलिटरला निदान अर्धे आंतरराष्ट्रीय एकक, म्हणजे ०.५, भरली पाहिजे. मोतीचे रक्त आम्ही ८ जुलैला काढवले. उत्तर येईपर्यंत घरात दहावीच्या निकालासारखे वातावरण होते. मोती पास झाला, तेव्हा माझ्या यजमानांनी बाजारातून पेढे आणले आणि पहिला पेढा मोतीलाच हवा म्हणून हट्ट धरला. मी तो दिला नाही. मिठाई कुत्र्यांना सोसत नाही.

चौथी पायरी सर्वांत कठीण, कारण तीत काहीच करायचे नसते. रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. निकाल आल्या दिवसापासून नव्हे, रक्त काढल्या दिवसापासून. "पास झाला ना, मग थांबायचे कशाला?" असे आमच्या शेजारच्या काकू विचारीत. त्याचे कारण असे, की लस देण्यापूर्वीच कुत्र्याला पिसाळलेल्या जनावराचा दात लागला असेल, तर रोग अंगात लपून राहू शकतो. लपलेला रोग या मुदतीत बहुधा डोके वर काढतो. म्हणून ही मुदत. आमच्या हिशेबाने ८ ऑक्टोबरच्या आत मोतीला युरोपात पाऊल टाकता येणार नव्हते. लेकीने २० ऑक्टोबरचे तिकीट काढले, तेही हा सगळा हिशेब झाल्यावर.

एक फायद्याची गोष्ट सांगून ठेवते. एकदा ही रक्ताची परीक्षा पास झाली आणि पुढची लस दरवेळी मुदतीच्या आत टोचत गेलात, तर युरोपच्या नियमाने ती परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. एक दिवस जरी मुदत चुकली तरी पाटी कोरी. म्हणून लशीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा.

पाचवी पायरी सरकारी दाखल्याची. केंद्र सरकारची प्राणी क्वारंटाइन व प्रमाणन सेवा म्हणून एक व्यवस्था आहे. तिची केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद येथे आहेत. आपल्याला मुंबईचे सोयीचे. तेथे अर्ज करायचा, चिपचा दाखला, लशीचे कार्ड, रक्ताचा निकाल, डॉक्टरांचे प्रकृतिपत्र, आपला पासपोर्ट व तिकीट हे सगळे जोडायचे आणि जनावर स्वतः नेऊन दाखवायचे. युरोपच्या ठरावीक नमुन्यातला आरोग्याचा दाखला सरकारी डॉक्टरांच्या सहीचा लागतो आणि तो सही झाल्यापासून दहा दिवसांच्या आत तेथे पोचला पाहिजे. म्हणजे हे काम फार आधी करून उपयोग नाही आणि शेवटच्या दिवसावर टाकूनही चालत नाही. शिवाय मालक आणि जनावर यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडता कामा नये. अंतर वाढले तर तो घरचा कुत्रा राहत नाही, व्यापाराचा माल ठरतो आणि त्याचे नियम वेगळे.

येथे आमच्या विहीणबाईंचे नाव काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी पहिल्या दिवशीच सगळे कागद मागवून घेतले, चष्मा लावला आणि चिपचा पंधरा आकडी नंबर प्रत्येक कागदावर बोटाने मोजून पाहिला. एका दवाखान्याने दिलेल्या कागदावर मधले दोन आकडे उलटेसुलटे पडले होते! नजरेला ते दिसतही नव्हते. पण विमानतळावर यंत्राने एक नंबर सांगितला असता आणि कागदाने दुसरा, तर मोती हा मोती नाही असेच ठरले असते. दवाखान्यातून तो कागद नवा करून घेतला. म्हणून माझे सांगणे असे, की प्रत्येक कागद मिळाल्याबरोबर, जागेवरच, तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: चिपचा नंबर, तारीख आणि मालकाचे नाव पासपोर्टप्रमाणे. हे काम वर्गातल्या वह्या तपासलेल्या बाईकडे द्यावे. आपल्या मंडळात अशा पुष्कळ आहेत.

कागदांबरोबर जनावराचीही तयारी करायची असते आणि ती मला कागदांहून मोठी वाटते. माणसाला सांगता येते की बाबा, आठ-नऊ तास बसायचे आहे, मग उतरायचे आहे. मुक्या जिवाला ते सांगणार कसे? त्याला ते सवयीनेच सांगावे लागते. विमानाच्या पिंजऱ्याचे माप ठरलेले आहे. आत जनावराला ताठ उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे, अंग पसरून निजता आले पाहिजे. चारी बाजूंनी हवा हवी, दाराला आतून लावलेले पाण्याचे भांडे हवे, खाली ओल शोषणारे अंथरूण हवे. आम्ही पिंजरा जुलैतच आणला. पहिले पंधरा दिवस त्याचे दार काढूनच ठेवले होते. आत लेकीची जुनी साडी अंथरली आणि मोतीचे जेवण आत ठेवू लागलो. मग दार लावले, पण उघडे ठेवले. मग पाच मिनिटे बंद, मग अर्धा तास, मग रात्रभर. गणपतीत ढोल-ताशांचा आवाज सुरू झाला की मोती आपण होऊन पिंजऱ्यात जाऊन बसू लागला, तेव्हा मी लेकीला म्हटले, "आता हा जाईल."

पुष्कळ जण सल्ला देतात की झोपेचे औषध द्या, म्हणजे त्याला काही कळणार नाही. तसे करू नये. उंचावर गुंगीच्या औषधाने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, आणि गुंगीतले जनावर विमान कंपन्या बहुधा घेतच नाहीत. चपट्या नाकाची कुत्री, म्हणजे पग, बुलडॉग वगैरे, त्यांना उष्म्यात श्वास घेणे जड जाते. म्हणून पुष्कळ कंपन्या त्यांना नाकारतात. पर्शियन मांजरांचीही तीच गत. अशांना न्यायचे तर कंपनीला फार आधी विचारावे. विमान शक्यतो थेट जाणारे घ्यावे. मध्ये बदलावे लागले तर त्या मधल्या देशाचेही नियम लागू होऊ शकतात.

खर्चाचे विचाराल तर तो जनावर व पिंजरा मिळून होणाऱ्या वजनावर आणि मापावर असतो. मोतीच्या पायी लेकीच्या स्वतःच्या तिकिटाहून जास्त पैसे गेले. सासरकडच्या एकदोघांनी त्यावर नाक मुरडले. विहीणबाई म्हणाल्या, "घरातल्या माणसाचे भाडे मोजत नाहीत." तेव्हा विषय संपला.

उतरल्यावर जकातीच्या लाल वाटेने जाऊन कागद दाखवावे लागतात, यंत्राने नंबर वाचतात. मोतीला काही अडचण आली नाही. अडचण आली ती त्याच्या खाऊला. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे मोती चालतो, पण मोतीसाठी बांधून दिलेली कोंबडी चालत नाही! ती मी आधीच काढून घेतली होती. जर्मनीत कुत्रा पाळायला नगरपालिकेचा कर असतो, नोंदणी असते, रस्त्यात केलेली घाण मालकाने पिशवीत उचलायची असते. पिटबुलसारख्या काही जाती तर २००१ च्या कायद्याने तेथे आणताच येत नाहीत. आमच्या वाकड्या शेपटीच्या गावठी मोतीला मात्र कुणी हरकत घेतली नाही.

आता तुमच्यापैकी जर्मनीला जाणाऱ्या थोड्या, इतरत्र जाणाऱ्या पुष्कळ. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रिटनचा क्रम साधारण असाच आहे. शिवाय कुत्र्याला जंताचे औषध पोचण्यापूर्वी चोवीस ते एकशेवीस तासांच्या मुदतीत डॉक्टरांच्या हातून द्यावे लागते आणि विमानाने येणारे जनावर मालवाहतुकीच्या वाटेनेच यावे लागते, मालकाजवळ बसून नव्हे. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. कुत्रा सहा महिन्यांहून लहान नको, चिप हवी. आणि आपला देश रेबीजचा अधिक धोका असलेल्यांच्या यादीत असल्यामुळे आपल्याकडे लस घेतलेल्या कुत्र्याला ठरावीक विमानतळावरच उतरून तेथल्या नेमलेल्या प्राणिगृहात आधी जागा राखून ठेवावी लागते. मान्य प्रयोगशाळेचा रक्ताचा निकाल नसेल तर अठ्ठावीस दिवस कोंडणे आहे. कॅनडा त्या मानाने सोपा. घरचा कुत्रा मालकाबरोबर जात असेल तर मुख्य कागद रेबीज लशीचा. पण विकायला किंवा दत्तक द्यायला नेलेले कुत्रे आपल्यासारख्या देशांतून २८ सप्टेंबर २०२२ पासून त्यांनी बंद केले आहेत. जपानला रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबावे लागते.

सर्वांत कठीण ऑस्ट्रेलिया. आपला देश त्यांच्या मान्य यादीत नाही, म्हणून येथून सरळ नेताच येत नाही. आधी दुसऱ्या एखाद्या मान्य देशात जनावर नेऊन, तेथे महिनोन्‌महिने ठेवून, तेथून पुढे न्यावे लागते आणि पोचल्यावरही मेलबर्नजवळ मिकलहॅम येथील सरकारी जागेत निदान दहा दिवस काढावे लागतात. या बाबतीत ते कुणाची भीड धरीत नाहीत. २०१५ साली जॉनी डेप या हॉलिवूडच्या नटाचे दोन छोटे कुत्रे खासगी विमानातून न सांगता तेथे नेले गेले. कुत्रे ताबडतोब परत न्या, नाहीतर त्यांना मारावे लागेल, असे तेथल्या मंत्र्यांनी जाहीर बजावले. कुत्रे परत गेले आणि पुढच्या वर्षी नटाच्या तेव्हाच्या पत्नीने खोटा कागद भरल्याचे न्यायालयात कबूल केले. जेथे नटाची डाळ शिजली नाही तेथे आपली काय कथा?

नियम वाकल्याचे एक उदाहरण मात्र आपल्याच देशाचे आहे. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा आपली काही मुले तेथून कुत्रे-मांजर टाकून निघायला तयार होईनात. सरकारने त्या प्रसंगापुरती सवलत दिली आणि मुले आपापले जीव छातीशी धरून परत आली. पण ते युद्ध होते. एरवी परदेशातून इकडे आणतानाही आधी परवानगी काढावी लागते, आणि पैदाशीच्या धंद्यासाठी कुत्रे आयात करण्यावर २०१६ साली बंदी घालण्यात आली होती.

पोपटाविषयी दोघींनी विचारले होते. आपला हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे हाच मुळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा त्याला परदेशी नेण्याची गोष्ट सोडाच.

मी सांगितलेले नियम आजचे आहेत. नियम बदलत असतात. म्हणून निघण्याआधी सात-आठ महिने त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचावे, मुलांकडून वाचून घ्यावे. शेजारणीच्या अनुभवावर, माझ्यासुद्धा, विसंबू नये.

भगिनींनो, आता जे खरे मनातले आहे ते सांगते. न्यायचे कसे हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, न्यायचे की नाही. आणि तो आपल्या मायेला विचारायचा नाही, त्या जनावराच्या वयाला आणि प्रकृतीला विचारायचा. आमच्या आळीतल्या एका मावशी मुलाकडे ऑस्ट्रेलियाला कायमच्या गेल्या. त्यांचा कुत्रा तेरा वर्षांचा, एका डोळ्याने अधू. मुलगा म्हणाला, आई, पैसे मी घालतो, दुसऱ्या देशातून आणू त्याला. मावशींनी रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाल्या, "सहा महिने परक्या देशात, परक्या माणसांत, मग पुन्हा कोठडी. मला तो हवा म्हणून त्याने एवढे का सोसावे?" त्यांनी जायच्या आधी तीन महिने कुत्र्याचे जेवण शेजारच्या घरी सुरू केले. पहिल्यांदा स्वतः जाऊन वाढले, मग शेजारणीच्या हातून, मग त्याचे गोणपाट तेथे नेले. त्या गेल्या तेव्हा तो शेजारच्या ओट्यावर होता आणि ते ओटे त्याच्या ओळखीचे होते. दोन पावसाळे तो तेथे जगला. त्याच्या औषधाचे पैसे मावशी न चुकता पाठवीत. मी याला टाकणे म्हणत नाही. हेही एक नेणेच आहे, फक्त शेजारच्या घरापर्यंत.

टाकणे म्हणजे बाजारातले ते पट्टेवाले कुत्रे. रात्री गाडीतून आणून, दार उघडून, पुढे निघून जाणे. घरच्या कुत्र्याला भांडून खाता येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही. तो त्याच जागी बसून गाडीची वाट पाहतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. उपाशी-तहानेले हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून जाणे त्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याची भीती घालायला मी उभी राहिले नाही. ज्या घराची राखण त्याने दहा वर्षे केली, त्या घराने त्याच्यासाठी सहा महिने आधी विचार करू नये काय, एवढेच विचारायला उभी आहे.

आणि जाता जाता एक सूचना. मोतीच्या कागदांसाठी धावताना माझ्या ध्यानात आले, की एका कुत्र्याला परदेशी न्यायचे म्हणून आम्ही लस, रक्त, तारीख, सगळे डोळ्यांत तेल घालून पाहिले. पण आमच्याच आळीतल्या दहा कुत्र्यांना कधी लस मिळाली की नाही हे कोणी पाहिले नाही. जर्मनीच्या मुलांना मोतीपासून जी भीती नको, ती आपल्या मुलांना तरी का असावी? शेजारच्या गोव्याने गेल्या काही वर्षांत गल्लोगल्लीच्या कुत्र्यांना लस टोचून हा रोग कितीतरी खाली आणून दाखवला आहे. आपल्याला ते का जमू नये? २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. पहिली रेबीज लस शोधणारे लुई पाश्चर १८९५ साली त्याच दिवशी वारले. दरवर्षी त्या दिवशी मंडळाने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून होळीतल्या घरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस टोचवावी, असे मी सुचवते. त्याच दिवशी मुलांना हेही शिकवावे, की कुत्रा चावला, नुसता ओरखडा उठला तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद, मिरची, तंबाखू यांतले काही लावायचे नाही.

या दिवसाचा पहिल्या वर्षाचा खर्च आमच्या घरातून होईल, असे यजमानांनी सांगितले आहे. कुत्र्यांना धरायला मात्र हात हवेत, ते तुम्ही द्यावेत. आणि ज्या कुणाच्या घरी व्हिसाची बोलणी चालली असतील, त्यांनी आमच्याकडे जरूर यावे. तारखांचा तक्ता माझ्याकडे लिहून ठेवलेला आहे, आणि कागद तपासायला विहीणबाई चष्मा पुसून तयारच आहेत.